नेमून दिलेली मैत्रीण

त्या वर्षी आमच्या घरात एकच आवाज होता, तात्यांच्या श्वासाचा. तात्या म्हणजे माझे वडील. मिसरूड फुटायच्या वयात ते आटपाडीकडून गलाईच्या कामाला चेन्नईत आले. सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरा आणि मोडीत आलेले दागिने तेजाबात घालायचे, भट्टीत आटवायचे आणि शुद्ध सोनं वेगळं काढून द्यायचं, हे ते काम. सावकारपेठेतल्या एका बोळात, बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी जन्म काढला. सोनं दुसऱ्याचं, धूर आपला. मी अकरावी झाले त्या उन्हाळ्यात जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की त्यांना भिंत धरावी लागायला लागली. मालक गोड बोलला, "आता इश्रांती घ्या," म्हणाला आणि त्याने दुसरा माणूस ठेवला.

आम्ही शहराच्या दक्षिण टोकाला, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होतो. आई पेरुंगुडीला एका आयटी कंपनीत कंत्राटदाराकडून हाउसकीपिंगला जायची. तिकडे दिवसभर फरशी पुसून आली की खालच्या टाकीवरून प्लास्टिकच्या घागरी तीन मजले वर चढवायची. तात्या भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. जेवायला उठत तेही चोरून खाल्ल्यासारखे. आई म्हणायची, "मी हापिसात जेवून आलीया," आणि आम्ही ते खरं मानायचं, असं न बोलता ठरून गेलं होतं. भात रेशनचा. आमटीत डाळ कुठे आहे ते शोधावं लागे.

अशा घराला मैत्रीण नेमून मिळाली.

शब्द माझे नाहीत, योजनाच तशी होती. एका कॉलेजातली मुलं दर शनिवारी आमच्या वसाहतीत यायला लागली होती. काही घरं निवडायची, प्रत्येक घराला एकेक विद्यार्थी वर्षभरासाठी जोडून द्यायचा. त्याने पैसे द्यायचे नाहीत, त्या घरचं काही खायचं नाही. फक्त मित्र व्हायचं. त्यांच्या मॅडमनी आम्हाला खाली सिमेंटच्या ओट्यावर बसवून हे सगळं तमिळमध्ये समजावलं. मी मान खाली घालून ऐकत होते. आमच्याकडे पैसे नाहीत हे साऱ्या जिन्याला ठाऊक होतं, त्याची सवय झाली होती. पण यांच्याकडे मित्रही नाहीत, तर तेही आपणच पुरवू, असं कुणीतरी पंख्याखाली बसून ठरवलं होतं. त्याची लाज मला आजही जशीच्या तशी वाटते.

आम्ही मराठी, म्हणून आमच्या वाट्याला मराठी मुलगी आली. तिला मी अक्का म्हणायचे. तमिळमध्ये थोरली बहीण अक्का आणि आपल्याकडेही अक्काच, त्यामुळे तो एक प्रश्न सुटला. बाकी कुठलाच सुटला नाही.

अक्का हाडापेराने मोठी होती. वडिलांचे जुने फुल शर्ट सलवारीवर घालायची. काळी छत्री घेऊन यायची आणि ती जिन्यातही मिटायची नाही, त्यामुळे उतरणाऱ्या माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. चपला मात्र तळमजल्यावरच काढून ठेवायची. "देवळांत आणि मैत्रिणीच्या घरीं चपला दूरच काढाव्या," म्हणायची. एकदा त्यातली एक कुणीतरी नेली. एकच. अक्का उरलेली एक पायात घालून बस स्टॉपपर्यंत गेली आणि पुढच्या शनिवारी तशीच, एकच घालून आली. म्हणाली, "जिनें एक नेली तिला दुसरीही लागेल. येथेंच ठेवतें." आणि खरंच ठेवली. खालच्या मजल्यावरची तमिळ बाई तोंडाला पदर लावून हसत होती. अक्का येताना दिसली की ती जिन्यातून वर हाक मारायची, "तुमची फ्रेंड आली गं!" ते ऐकू आलं की माझे कान तापायचे.

अक्काचं मराठी आणि आमचं मराठी यांची गाठ पडायला वेळ लागला. तिचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेले. ती 'मज', 'तुम्हास', 'काय म्हणून' असं पोथीतल्यासारखं बोलायची, त्याला चाल मात्र तमिळ, आणि मध्ये मध्ये 'बरं' या अर्थाचं 'सरि' आणि 'अय्यो'. आई म्हणायची, "कीर्तनकाराची लेक हाय का काय ही?" अक्का आईला मामी म्हणायची आणि तात्यांना मामा.

पहिल्या दिवशी ती आली, खोलीभर पाहिलं आणि जमिनीवर मांडी घालून बसली. आईने रीतीप्रमाणे विचारलं, "च्या टाकू का, बाय?" बाकीच्या घरांतून आलेली मुलं हात जोडून नाही म्हणत होती, त्यांना तसा नियमच होता. आईलाही ती नाही म्हणेल असंच वाटलं होतं.

"चहा कां? मज भूक लागली आहे," अक्का म्हणाली. "असेल तें वाढा. तुम्ही जेवलांत?"

"मी हापिसात..."

"आज शनिवार. ऑफिस बंद. सरि, सगळे मिळून जेवूं."

आईने चार ताटं घेतली. आमटी वाढताना तिची पळी पातेल्याच्या तळाशी डाळ शोधत होती, ते मला दिसत होतं आणि जमीन दुभंगावी असं वाटत होतं. अक्काने घास घेतला. "आमटी फार पातळ आहे," ती म्हणाली. "पण चांगली आहे." आणि पुन्हा भात मागितला. त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी आमच्यासमोर बसून जेवली.

हात धुताना मी तिला पुस्तकी तमिळमध्ये विचारलं, तुम्ही आम्हाला काय मदत करणार? खाली एका घराला लॅपटॉपवर इंग्रजी शिकवणारा उंच मुलगा मिळाला होता. माझ्या डोळ्यांसमोर तो होता.

"मी मदतीस आलें नाहीं," ती मराठीत म्हणाली. "मज मदत करतां येत नाहीं. मैत्री येते कां, तें पाहूं."

तिला अभ्याससुद्धा येत नव्हता. हे ती लपवायचीही नाही. तिचे बरेच पेपर राहिले होते. इकडे त्याला अरियर म्हणतात. ज्याचे अरियर असतात तो चारचौघांत तसं बोलत नाही. अक्का जिन्यातच सांगायची. मला रडू यायचं. साऱ्या वसाहतीत हुशार मुलं वाटली आणि आम्हाला नापास आली.

"मामा," एका शनिवारी ती तात्यांच्या पाठीला म्हणाली, "मज बसतां येत नाहीं. पुस्तक उघडलें कीं उठावेंसें वाटतें. तुम्ही मज उठूं देऊं नका."

तात्या वळले नाहीत. ती पुस्तक उघडून त्यांच्या अंथरुणाजवळ बसली. थोड्या वेळाने उठली. भिंतीकडून आवाज आला, "बस."

ती बसली. पुन्हा उठली. "बस म्हनतोय न्हवं?" तात्या कुशीवर वळले. "भट्टी पेटली की म्होरनं उठायचं नसतंय. सोनं पाक हुईस्तवर बसायचं. मूत लागली तरी बसायचं."

"अय्यो," अक्का म्हणाली आणि बसली.

त्यानंतर दर शनिवारी तात्या अक्का यायच्या आधी, चारच्या आत उठून, तोंड धुऊन, भिंतीला टेकून बसायला लागले. हातात काहीतरी असावं म्हणून उलथनं घ्यायचे. अक्का वाचायची आणि ते राखण करायचे. मी बाजूला बसून माझा प्लस टूचा, म्हणजे बारावीचा अभ्यास करायचे. माझ्याकडे कुणी बघत नसे. मी काही उठत नव्हते.

डब्याचं प्रकरण सुरू झालं ते आईच्या शेंगदाण्याच्या चटणीवरून. अक्काला ती इतकी आवडली की तिने आजीला चाखवायला म्हणून थोडी मागितली. पुढच्या शनिवारी चटणीचा कडीचा डबा परत आला तो आजीने केलेल्या लाडवांनी भरून. आईने कपाळाला हात लावला. आता डबा रिकामा कसा पाठवायचा? तिने धपाटी थापून दिली. तिकडून सांबार-वड्या आल्या. इकडून पुरणाच्या दोन पोळ्या गेल्या. दोन्ही घरं मराठी, दोन्ही घरांत रिकामं भांडं परत करायचं नाही ही एकच शिकवण, आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींना न बघता हट्टाला पेटल्या. तिकडे आजीला वाटत होतं की मामींच्या घरी बरं चाललं आहे, पोळ्या पाठवतात. इकडे शुक्रवारी आम्ही कोरडा भात खायचो, कारण शनिवारी डबा भरायचा होता.

"आई, डब्यात चिमूटभर साखर घालून दे की," मी म्हणायचे.

"गप गं. लोकाची म्हातारी काय म्हनंल?"

याच सुमारास त्या मॅडम चौकशीला आल्या. घराघरात जाऊन विचारत होत्या, विद्यार्थ्यांमुळे काय फरक पडला. खालच्या घरात उंच मुलाचं कौतुक झालं. आमच्याकडे आल्यावर आईला विचारलं, "ही मुलगी येते, ती काय करते?"

आईने तिच्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये खरं तेच सांगितलं. "जेवते."

"आणि?"

"झोप आली तर झोपते. तिच्या बापाच्या शर्टाचं बटन तुटलं होतं, ते मी लावून दिलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या बिजागरीकडे पाहिलं. "पण ती तुमच्यासाठी काय करते?" त्यांनी शब्दावर जोर दिला.

आई म्हणाली, "शनिवारी हिचे तात्या अंघोळ करतात."

मॅडम जिना उतरून गेल्या. मला वाटलं, आता अक्काला बदलतील. बदललं नाही, बहुधा दुसरं कुणी मिळालं नसावं.

पावसाळा सरता सरता तात्यांचं औषध वाढलं आणि आईचा एक दिवसाचा खाडा झाला की घर हलायला लागलं. मला शाळेत एक वर्ष उशिरा घातलं होतं, त्यामुळे अठरा पूर्ण झाली होती. आईच्या सुपरवायझरच्या ओळखीने ओरगडमच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून माझं काम ठरलं. कंपनीची बस पहाटे नाक्यावर येते, बूट कंपनीच देते. सोमवारपासून जायचं. शाळा सुटणार हे कुणी तोंडाने बोललं नाही. आईने माझी पुस्तकं आणि गणवेश एका जुन्या साडीत बांधून कोपऱ्यात ठेवले. तात्या पुन्हा भिंतीकडे वळले.

मधल्या शनिवारी अक्का येणार होती. घरात पीठ नव्हतं, दाणे नव्हते, साखरेच्या डब्यात मुंग्याही येईनात. डबा या वेळी तिच्याकडेच होता, म्हणजे तो भरून येणार आणि आम्हाला पुन्हा भरून द्यावा लागणार. आईने दुपारीच आतून कडी लावली. पंखा बंद केला. "कुनी बोलू नगा," म्हणाली. "घरात न्हाई म्हनून जाईल निघून."

जिन्यात छत्री घासत वर आली. दारावर थाप पडली.

"मामी! घरांत कोणी नाहीं काय?"

आम्ही तिघं घामात बसलो होतो. तात्यांना खोकला आला. त्यांनी तोंडावर उशी दाबली. खोकला उशीतून आला.

"सरि," बाहेरून अक्का म्हणाली. "घरांत कोणी नाहीं. खोकला आहे."

खालच्या मजल्यावरची बाई वर आली असावी. तिचा आवाज आला, "आतच आहेत सगळी. मघाशी तर पाणी नेलं."

"नाहींत," अक्काने तिला तमिळमध्ये झापलं. "त्यांनी नाहीं म्हटलें कीं नाहींत." मग ती दाराला पाठ लावून बसल्याचं कळलं, कारण फटीतून येणारा उजेड गेला. "मामी, तुम्ही घरांत नाहीं, तर मी दाराशीं बोलतें. डबा आणला आहे. रिकामा आहे."

आईने मान वर केली.

"आजी भरायास बसली होती, मी हिसकून घेतला. आमच्या घरीं मोठें भांडण झालें. दर शुक्रवारीं ती माझ्या पप्पांस दुकानांत पिटाळते, पप्पा मजवर ओरडतात. म्हणून घासून, पुसून, रिकामा आणला. आतां तुम्हीही रिकामा द्या."

आई ताडकन उठली. कडी काढली आणि दार धाडकन उघडलं. अक्का पाठीवर आत पडली, छत्रीसकट.

"रिकामा डबा?" आई तिच्यावर वाकून ओरडली. "रिकामं भांडं देती व्हय गं लोकाच्या दारात? कुठल्या घरची रीत ही?"

"कुठल्याच घरची नाहीं," अक्का पडल्या पडल्या म्हणाली. "आपण दोघी नवी काढूं."

आई हसली की रडली, मला सांगता येणार नाही. जिन्यात बायका जमल्या होत्या. मी दार लावून घेतलं.

मग अक्काला कोपऱ्यातलं बोचकं दिसलं. त्याच्या शेजारी माझे नवे काळे बूट. तिने माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "सोमवारपासनं कंपनीत जातीया ती."

मी वाट पाहत होते की आता ही शिक्षणाचं महत्त्व सांगेल. शाळेतल्या बाईंनी सांगून झालं होतं. अक्काने मान हलवली. "सरि. बस कितीला?"

"पाचाला."

"मीही येतें." तिने खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःची पुस्तकं काढली, बोचक्याची गाठ सोडली, माझ्या पुस्तकांवर आपली रचली आणि पुन्हा घट्ट गाठ मारली. "हिला परीक्षेला बसणें जमत नाहीं, तर मज तरी काय म्हणून जमावें? मी मैत्रीण आहें ना? दोघी जाऊं."

ती चेष्टा करत नव्हती. तिला चेष्टा यायचीच नाही.

तात्या उठून बसले. "गाठ सोड," ते म्हणाले.

"मामा, मज तसाही अभ्यास..."

"सोड म्हनतोय!" त्यांचा श्वास लागला होता, तरी ते थांबेनात. "अर्ध्यातनं उठतीस? तुझ्या बापानं फी भरली... म्हातारी लाडू वळती... आन् तू म्होरनं उठनार? अर्ध्यातनं उठलं की सोनं बी जातंय आन् मेहनत बी. कितींदा सांगितलं तुला? पोटाला न्हाई मिळालं तरी शिक्षान सोडायचं न्हाई. ऐकू येतंय का? सोडायचं न्हाई!"

अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हें मज सांगतां, कीं हिला?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. काम गेल्यापासून त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. मला वाटलं, यांनी आता बघू नये. माझ्या बापाकडे हे सगळं बोलणं साठलेलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या लेकीपुढे बाहेर पडलं. मला त्यांची लाज वाटली, माझी वाटली, आणि परकी मुलगी हे सगळं बसून बघते आहे, त्याची सगळ्यात जास्त वाटली. तात्या सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेले. तेजाबाने नखं खाल्लेल्या बोटांनी त्यांनी ती गाठ सोडली. वाचता येत नसताना अक्काची पुस्तकं कुठली आणि माझी कुठली ते चित्रं बघून वेगळं केलं. माझा गणवेश आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "सोमवारी इस्त्री करून घाल हिला."

"आन् घर?" आई म्हणाली.

"बघतो मी."

पुढे कधीतरी मी अक्काला विचारलं, तू खरंच आली असतीस का कारखान्यात?

"मग?" तिला प्रश्नच कळला नाही. "त्या बुटांत माझ्या मापाचे मिळतात कां, हें मी विचारणारच होतें."

तात्या पेरुंगुडीच्या एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. सोनं शुद्ध करणारा माणूस गाड्यांना सलाम ठोकायला लागला. निळा शर्ट ते वसाहतीतून घालून जात नसत. पिशवीत नेत आणि तिकडे बदलत. एकदा शाळेला जाताना बसमधून ते मला गेटवर उभे दिसले आणि मी खिडकीतून तोंड वळवलं. घरी आल्यावर त्यांना मी दिसले होते की नाही, हे विचारायचा धीर झाला नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

योजनेचं वर्ष उन्हाळ्यात संपलं. बाकीची मुलं प्रमाणपत्रं घेऊन गेली. अक्का पुढच्या शनिवारी चारला हजर. आई म्हणाली, "अगं, संपलं न्हवं तुमचं?" अक्का म्हणाली, "कॉलेजचें संपलें. आमटी करा." ती त्यानंतर कितीतरी शनिवार येत राहिली. आता ती तिरुचीला असते, नवरा बँकेत आहे. फोनवर आईशी बोलते. माझ्याशी बोलताना "सरि, पुढें?" एवढंच विचारते आणि मी पुढचं सांगेपर्यंत थांबते.

आज मी श्रीपेरुम्बुदूरकडच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. ऑफिसात कुणी विचारलं की मी वडील सोन्याच्या धंद्यात होते असं सांगते आणि ते खोटंही नाही. आमच्या घराला कधी मैत्रीण नेमून दिली होती, हे मात्र मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. जीभ तिथे येऊन अजून अडते.

मी प्लस टू पास झाले. दिवसा एका दुकानात काम करून संध्याकाळच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं. तात्यांच्या आणि आईच्या, दोन्हीकडच्या घरांत पदवी घेतलेली मी पहिली.